किट लेन्सनंतर कोणती लेन्स घ्यावी?

नवा डीएसएलआर आणि त्याच्यासोबतची १८-५५ मिमी किट लेन्स हाती आली की थोड्याच दिवसांत दुसऱ्या लेन्सचे वेध लागतात. कोणती घ्यायची याचं उत्तर बहुतेकदा तुमच्याच मेमरी कार्डात असतं. शे-दोनशे फोटोंच्या प्रॉपर्टीज उघडा आणि फोकल लेंग्थ (लेन्स किती झूम केली होती तो मिमीमधला आकडा) बघा. बरेचसे ५५ मिमीवर काढून नंतर क्रॉप केलेले असतील, तर टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स हवी. सगळे १८ वर असतील आणि तरी फ्रेममध्ये माणसं मावत नसतील, तर वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणारी. पण घरात काढलेल्या फोटोंत शटर १/१५ सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० आणि चेहरे हललेले दिसत असतील, तर अडचण प्रकाशाची आहे. बहुतेकांचं दुखणं हे तिसरं असतं आणि पैसे मात्र झूमवर जातात.

१८-५५ किट लेन्स ५५ वर नेली की तिचं अ‍ॅपर्चर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. हे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, एफचा आकडा लहान तितकं मोठं. एफ/१.८ ची प्राइम लेन्स (झूम न होणारी, एकाच फोकल लेंग्थची) तिच्या जवळपास दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे त्याच खोलीत, त्याच आयएसओला, १/१५ ऐवजी १/१२५ मिळतो आणि वर थोडी सूटही उरते. म्हणून पहिली लेन्स स्वस्तातली प्राइम असावी, हे आमचं ठाम मत.

आता ५० की ३५? एंट्री-लेव्हल बॉडीचा सेन्सर लहान असल्यामुळे ५० मिमीची लेन्स कॅननवर ८० सारखी आणि निकॉनवर ७५ सारखी दिसते. एकट्या माणसाच्या पोर्ट्रेटला ती छान, पण छोट्या खोलीत चौघांना बसवायचं तर पाठ भिंतीला टेकते. निकॉनची एएफ-एस डीएक्स ३५ मिमी एफ/१.८जी रोजच्या वापराला जास्त सोयीची. कॅननमध्ये २४ मिमी एफ/२.८ एसटीएम ही चपटी लेन्स १६ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाऊन फोकस करते, पण प्रकाशात ती ५० मिमी एफ/१.८ एसटीएमच्या मागे आहे. ठरत नसेल तर किट लेन्सची झूम रिंग चिकटपट्टीने आठवडाभर ५० वर बांधून ठेवा, पुढच्या आठवड्यात ३५ वर. पैसे न घालता उत्तर मिळतं.

प्राइम आली की पहिली तक्रार हमखास येते: 'फोटो शार्प नाहीत.' दोष बहुधा लेन्सचा नसतो. ५० मिमीवर दीड मीटरवरून एफ/१.८ ला जेमतेम सहा सेंटीमीटर खोली शार्प राहते. चेहरा किंचित वळलेला असला की जवळचा डोळा शार्प आणि कान धूसर. त्यात ऑटो एरियामध्ये, म्हणजे फोकसची जागा कॅमेऱ्यावर सोडली की, तो सहसा सगळ्यात जवळची वस्तू पकडतो, म्हणजे नाक. सिंगल पॉइंट निवडा, तो डोळ्यावर ठेवा आणि अ‍ॅपर्चर एफ/२.८ वर आणा. मग लेन्स वेगळीच वाटायला लागते.

टेलिफोटोत नावातली अक्षरं नीट वाचा. कॅननची ७५-३०० स्वस्त दिसते, पण तिच्यात आयएस, म्हणजे स्टॅबिलायझेशन नाही. ५५-२५० आयएस एसटीएम कधीही बरी. निकॉनची एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआरसह (निकॉनचं स्टॅबिलायझेशन) आणि व्हीआरशिवाय अशी दोन्ही मिळते, व्हीआरवालीच घ्या. स्टॅबिलायझेशनशिवाय २५० मिमीवर शटर किमान १/४०० हवा. आणि आयएस फक्त तुमच्या हाताची थरथर सावरतो, पळणारं पोर नव्हे. त्याला शटरचा वेगच वाढवावा लागतो.

माउंटमध्ये (लेन्स बॉडीला जोडण्याच्या जागेत) गफलत झाली की पैसे वाया. कॅननच्या ईएफ लेन्सवर लाल ठिपका आणि ईएफ-एसवर पांढरा चौकोन असतो. एंट्री-लेव्हल बॉडीवर दोन्ही बसतात. मिररलेस कॅमेऱ्यांच्या आरएफ आणि ईएफ-एम लेन्स मात्र बसतच नाहीत. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत फोकस मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो. उलट एएफ-पी लेन्स डी३२०० आणि डी५१०० सारख्या जुन्या बॉडीवर फोकसच करत नाहीत. डी३३०० आणि डी५३०० ला आधी फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट लागतं.

फुलं-किड्यांसाठी लगेच मॅक्रो लेन्स (अगदी जवळून टिपणारी) घेऊ नका. प्राइमच्या मागे एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मधली पोकळ नळी, लावून बघा. तिने जास्त जवळून फोकस होतो. विजेचे संपर्क असलेलीच घ्या. नाहीतर अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यातून बदलता येत नाही. ट्यूब लावल्यावर दूरचं काही फोकस होणार नाही, तो बिघाड नव्हे.

सेकंड-हँड लेन्समध्ये खरी बचत आहे, पण टॉर्चशिवाय जाऊ नका. मागून तिरका उजेड टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, सरळ परत करा. धुळीचे दोन-चार कण चालतात. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चकाकी नको. मग सपाट विटांच्या भिंतीला समांतर उभं राहून एफ/५.६ ला फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एकच बाजू धूसर असेल तर आतली भिंगं सरकली असण्याची शक्यता मोठी. शेवटी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून तोच फोटो एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या स्क्रीनवर बघून) काढा. लाइव्ह व्ह्यूचा दरवेळी जास्त शार्प येत असेल, तर फोकस पुढे-मागे पडतोय. तो जुळवायची सोय एंट्री-लेव्हल बॉडीत बहुधा नसते, म्हणून ही चाचणी विकणाऱ्याच्या कॅमेऱ्यावर नको, स्वतःच्याच बॉडीवर करा.