बारीक लाइनवर बास: स्पिनिंग रॉडचा गुंता आणि तूट कशी टाळायची

6 किंवा 8 पौंडी (म्हणजे तेवढ्या ताणाला तुटणाऱ्या) लाइनवरून बास मासा सुटला की दोष लाइनच्या बारीकपणाला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा लाइनला पडलेला पीळ, जास्त आवळलेला ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की लाइन सुटू देणारा रीळचा ब्रेक) किंवा कोरडी ओढलेली गाठ असतं.

रॉड साधारण 7 फुटी, मीडियम-लाइट ताकदीचा आणि फास्ट ॲक्शनचा (मुख्यतः शेंड्याकडे वाकणारा) घ्या. शेंडा लवचिक असल्याने 3-4 ग्रॅमचं आमिषही लांब जातं आणि माशाने मुसंडी मारली तर धक्का शेंडाच झेलतो. जोडीला 2500 आकाराचं रीळ. त्याहून लहान स्पूलवर (लाइन गुंडाळली जाते त्या भागावर) लाइनची वेटोळी आवळून बसतात आणि फेकताना उसळून बाहेर येतात.

आमची पसंती 10 पौंडी ब्रेडेड (धागे विणून केलेली) लाइन आणि तिला 8 पौंडी फ्लोरोकार्बनचा दोनेक मीटर लीडर (गळाकडचा शेवटचा तुकडा). ब्रेडेड थेट स्पूलवर बांधू नका. ती इतकी गुळगुळीत असते की अख्खी गुंडाळीच स्पूलवर फिरते. ड्रॅग कितीही आवळा, लाइन सुटतच राहते. तळाशी आधी दहा मीटर नायलॉन गुंडाळा. स्पूल काठोकाठ भरू नका, कडेपासून 2-3 मिमी जागा सोडा. नवी लाइन भरताना तिची चकती जमिनीवर आडवी ठेवा, लाइन ओल्या फडक्यातून घट्ट धरून घ्या आणि हँडलचे वीसेक फेरे झाले की थांबून ती सैल सोडा. तिला पीळ पडत असेल तर चकती उलटी करा.

गुंता बहुधा फेकल्यानंतरच्या एका क्षणात तयार होतो. हँडल फिरवून बेल (लाइन अडवणारी रीळवरची तारेची कमान) बंद केली की एक सैल फास स्पूलवर राहतो आणि पुढचे फेरे त्याच्यावर बसतात. पुढच्या फेकीला तो फास दहा-बारा वेटोळी एकदम ओढून आणतो. म्हणून बेल हातानेच बंद करा, लाइन बोटांनी ओढून ताणा आणि मगच पहिला फेरा घ्या.

मासा लाइन ओढत असताना हँडल फिरवायचं नाही, हे विसरू नका. 6:1 गिअरच्या रीळवर अशा प्रत्येक फेऱ्याला लाइनला सहा पीळ पडतात. पीळ पडलाच असेल तर चालत्या होडीमागे आमिष काढून 30-40 मीटर लाइन सोडा, काही मिनिटांनी बोटांच्या दाबाखाली परत गुंडाळा.

ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या पाव हिश्श्यावर लावा. 8 पौंड म्हणजे सुमारे 3.6 किलो, तेव्हा 900 ग्रॅमच्या आसपास लाइन सुटायला हवी. लाइन गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांतून) ओवून, रॉड वाकवून ताणकाट्याने मोजा. नुसती रीळवरून ओढून बघितली तर गाइडचं घर्षण हिशेबात येत नाही.

गळ बारीक तारेचा, ड्रॉप शॉटला (खाली वजन आणि त्याच्या वर गळ बांधायच्या पद्धतीला) 1 नंबरचा पुरतो. चावा लागला की झटका देऊ नका. सैल लाइन गुंडाळत रॉड बाजूला ओढत न्या, गळ आपोआप रुततो.

लीडर जोडायला डबल युनी गाठ: ब्रेडेडच्या बाजूने सात-आठ वेढे, लीडरच्या बाजूने चार-पाच. आवळण्याआधी थुंकीने ओली करा. फ्लोरोकार्बन कोरडं आवळलं की घर्षणाने तापतं आणि गाठीतच कमजोर होतं.

बासचे दात सँडपेपरसारखे खरखरीत असतात. प्रत्येक माशानंतर गळाजवळची अर्धा मीटर लाइन नखांमधून सरकवा. किंचित जरी खडबडीत लागली, तरी तेवढा तुकडा कापून गळ पुन्हा बांधा.