वाळूत शिरण्याआधी टायरची हवा सेकंद मोजून सोडा

ऑस्ट्रेलियातील सिम्प्सन वाळवंटात डलहौसी स्प्रिंग्जहून बर्ड्सव्हिलकडे जाताना सुमारे १,१०० समांतर वाळूच्या टेकड्या लागतात आणि टायरमध्ये डांबरी रस्त्याइतकी हवा असेल, तर गाडी माथा गाठण्याआधीच रुतते. हवा कमी करावी हे सर्वांना ठाऊक असते. वेळ जातो तो चारही टायरना पुनःपुन्हा गेज (दाबमापक) लावण्यात.

१. सकाळी, टायर थंड असताना, एका टायरची हवा ३५ पीएसआयवरून (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) १८ पीएसआयवर यायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजून वहीत लिहून ठेवावे.

२. पहिल्या टायरची हवा ज्या साधनाने सोडली त्याच साधनाने उरलेल्या टायरची हवा तितकेच सेकंद सोडावी आणि शेवटी प्रत्येकाला एकदाच गेज लावावे. पाण्या-इंधनाच्या ओझ्यामुळे मागच्या टायरमध्ये आपण मुळातच जास्त हवा भरलेली असते, म्हणून त्यांचे सेकंद वेगळे मोजलेले बरे.

३. तरीही चढ जमत नसेल, तर चाके जागेवर फिरवत वाळू उकरण्याऐवजी आपल्याच चाकोरीतून सरळ मागे यावे आणि आणखी दोन पीएसआय हवा सोडून पुन्हा प्रयत्न करावा. यामुळे वाटही खराब होत नाही, आणि मागून येणाऱ्यांसाठी ती नीट राखणे मला फार महत्त्वाचे वाटते.

मात्र इतक्या कमी हवेवर वेगाने जाऊ नये किंवा झटक्यात वळू नये, कारण टायर रिमवरून निसटू शकतो; कठीण रस्ता लागताच कॉम्प्रेसरने हवा पुन्हा भरावी.