चालू प्रोसेस तपासणाऱ्या साधनातील बग दुरुस्त करताना

लिनक्सवर चालू असलेल्या प्रोसेस (म्हणजे चालू प्रोग्राम), त्यांचा सीपीयू आणि मेमरीचा वापर दाखवणाऱ्या एका छोट्या साधनाची देखभाल माझ्याकडे आली, तेव्हा फाइली वाचून आकडे छापण्यापलीकडे त्यात काही नसेल अशी माझी समजूत होती. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, प्रत्येक प्रोसेससाठी 'प्रॉक' या फाइलसिस्टीममध्ये तिच्या क्रमांकाची डिरेक्टरी ठेवतो आणि बहुतेक माहिती तेथेच मिळते, हे खरे आहे. मात्र या फाइली डिस्कवर नसतात. आपण मागू त्या क्षणी कर्नल त्यांतील मजकूर तयार करून देतो, आणि आपले वाचन पुरे होईपर्यंत प्रोसेस काही थांबून राहत नाही. मी पुढे दुरुस्त केलेल्या बगांपैकी निम्म्याहून अधिक याच एका गोष्टीच्या विस्मरणातून आलेले होते.

पहिली तक्रार अशी होती की साधन अधूनमधून, कोणतेही कारण न दिसता बंद पडते. डिरेक्टरींची यादी घेतल्यानंतर आणि त्यातील फाइल उघडण्याआधी प्रोसेस संपली तर 'अशी फाइल नाही' अशी त्रुटी येते, हे आधीच्या कोडमध्ये लक्षात घेतलेले होते. फाइल उघडल्यानंतर, पण वाचण्याआधी प्रोसेस संपली तर 'अशी प्रोसेस नाही' ही वेगळीच त्रुटी येते. ती सुटली होती. मी घाईने संपूर्ण लूपभोवती त्रुटी गिळून टाकणारा कोड लिहिला. साधन बंद पडणे थांबले, पण आता परवानगी नाकारली गेलेल्या प्रोसेसही यादीतून गुपचूप गायब होऊ लागल्या, आणि रिव्ह्यूमध्ये ती दुरुस्ती योग्यच परत आली. प्रोसेस तपासणारे साधन बंद पडले तर निदान कळते; त्याने अपुरी यादी पूर्ण म्हणून दाखवली तर कळतही नाही. त्यानंतर मी एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली, जी क्षणभर जगणाऱ्या हजारो प्रोसेस सतत निर्माण करते. दिवसातून एकदा दिसणारा बग तिच्यामुळे काही मिनिटांत दिसू लागला. नव्याने या कामात येणाऱ्याने दुरुस्तीला हात घालण्याआधी अशी स्क्रिप्ट जवळ ठेवावी, असे माझे मत आहे.

दुसरा बग हास्यास्पद वाटावा असा होता. 'स्टॅट' या फाइलमध्ये सगळी माहिती एका ओळीत, मोकळ्या जागांनी विभागलेली असते आणि दुसरे फील्ड म्हणजे कंसात दिलेले प्रोसेसचे नाव. आमचा कोड ओळ सरळ मोकळ्या जागांवर तोडत असे. टीमक्स या टर्मिनल हाताळणाऱ्या प्रोग्रामच्या सर्व्हर प्रोसेसच्या नावातच मोकळी जागा असते, त्यामुळे तिच्यापुढची सर्व फील्ड एका घराने सरकत आणि भलतेच आकडे दिसत. नावात कंसही असू शकतो, म्हणून ओळीतील पहिला नव्हे तर शेवटचा बंद होणारा कंस शोधून त्यापुढील भाग तोडणे हाच खरा उपाय आहे. या नावाला १५ बाइटची मर्यादा आहे, त्यामुळे लांब नाव देऊन शोध घेणाऱ्याला काहीच सापडत नाही. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे पाच चिन्हांतच नाव संपते, आणि सुरुवातीला एखादे रोमन अक्षर असले तर शेवटचे चिन्ह मधोमध तुटते. हे आम्हाला छपाईच्या कोडमध्ये वेगळे हाताळावे लागले.

सर्वांत जास्त दिवस खाल्ले ते उणे सीपीयू टक्केवारीने. स्टॅटमधील १४वे आणि १५वे फील्ड प्रोसेसने सुरुवातीपासून वापरलेला सीपीयूचा वेळ टिकमध्ये (कर्नलच्या वेळ मोजण्याच्या एककात) देतात. बहुतेक यंत्रणांवर सेकंदाला १०० टिक असतात, तरी तो आकडा कोडमध्ये न लिहिता यंत्रणेलाच विचारावा. दोन वाचनांतील फरकावरून सध्याचा वापर काढतात. 'पीएस' ही आज्ञा मात्र प्रोसेसच्या संपूर्ण आयुष्याची सरासरी दाखवते, म्हणून तिचा आकडा सध्याचा वापर दाखवणाऱ्या 'टॉप' या आज्ञेशी जुळत नाही, आणि तो बग नव्हे. आमच्याकडे मात्र फरकच उणे येत होता. प्रोसेसच्या क्रमांकांची कर्नलमधील मूळ मर्यादा ३२,७६८ आहे (६४-बिट यंत्रणेवर ती ४१,९४,३०४ पर्यंत वाढवता येते), आणि तेथवर पोचल्यावर मोकळे झालेले क्रमांक पुन्हा वाटले जातात. दोन वाचनांच्या मध्ये जुनी प्रोसेस संपून तोच क्रमांक नव्या प्रोसेसला मिळाला होता आणि आम्ही एकीच्या वेळेतून दुसरीचा वेळ वजा करत होतो. क्रमांकाच्या जोडीला २२वे फील्ड, म्हणजे प्रोसेस सुरू झाल्याची वेळ, ओळख म्हणून धरल्यावर हा प्रश्न सुटला.

मेमरीची बेरीज यंत्रातील एकूण मेमरीपेक्षा जास्त येते, ही तक्रार वारंवार येते. आरएसएस या, प्रोसेसने प्रत्यक्ष व्यापलेली मेमरी सांगणाऱ्या, आकड्यात सामायिक पाने (अनेक प्रोसेस मिळून वापरतात ते मेमरीचे तुकडे) प्रत्येक प्रोसेसच्या नावावर पुन्हा मोजली जातात, एवढेच तिचे कारण आहे; सामायिक मेमरी प्रोसेसमध्ये वाटून मोजलेला आकडा हवा असेल तर पीएसएस वापरावा, मात्र तो वाचणे महाग पडते.

साधन स्वतःच्याच यादीत वरच्या क्रमांकावर दिसते, अशीही एक तक्रार आमच्याकडे आली होती. प्रत्येक वाचनात ते शेकडो फाइली उघडते, तेव्हा तो आकडा खरा होता. ओळ लपवण्याची सूचना आम्ही नाकारली आणि न लागणाऱ्या फाइली वाचणे बंद केले.