काळ्या ऑइलने नासलेली माती पुन्हा पेरती करताना

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत गाळ्यांमागे, जनरेटरशेजारी डिझेल किंवा काळं ऑइल (इंजिनातून काढलेलं जुनं तेल) मातीत मुरलेलं असेल, तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात काम काढा. आधी गळती बंद करा. साचलेलं ऑइल भुशाने टिपा. तो भुसा घातक कचऱ्यातच द्यायचा. साबणाच्या पावडरीने माती धुणं मात्र साफ चूक. तेल सुटतं आणि खोल मुरतं, नाहीतर गटारातून खाडीत जातं.

मातीचा नमुना तपासून घ्या. तेल ५ टक्क्यांवर निघालं, तर जिवाणूंकडून तेल खाऊन घेण्याचा पुढचा उपाय पुरत नाही. ती माती तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे पाठवायची.

तेल ५ टक्क्यांखाली असेल तर माती उकरून, ढेकळं फोडून, जाड प्लॅस्टिकवर फूटभर थर पसरा आणि कडेने बांध घाला. तेल खाणारे जिवाणू मातीत असतातच. कल्चरच्या (विकतच्या जिवाणूंच्या) पाकिटावर पैसे घालण्याआधी त्यांना हवा आणि नत्र द्या, कारण बहुतेक वेळा गाडी तिथेच अडते. कार्बन, नत्र, स्फुरद १००:१०:१ धरा. एक ब्रास माती म्हणजे अंदाजे ४ टन. २ टक्के तेल म्हणजे ८० किलो, त्यात कार्बन सुमारे ६८ किलो. त्याला युरिया १५ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट १० किलो लागतं. युरिया महिन्याच्या अंतराने चार हप्त्यांत द्या. एकदम ओतला तर अमोनिया सुटतो, क्षार वाढतात आणि जिवाणूच मरतात. चार घमेली मातीला एक घमेलं कुजलेलं शेणखत मिसळा.

आठवड्यातून एकदा तळापासून पालथी घाला. सुरुवातीला पाणी वरच लोळतं, कारण तेलकट कण ते आत घेत नाहीत. झारीने थोडं थोडं देत कालवा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. कुजका वास आला तर हवा तुटली समजा. लगेच उकरून सुकू द्या.

डिझेल काही महिन्यांत बरंच उतरतं, काळं ऑइल चिवट असतं. वास गेला एवढ्यावर विसंबू नका. दहा मूग या मातीत, दहा चांगल्या मातीत पेरा. इथे कमी उगवले किंवा मुळांची टोकं तपकिरी पडली, तर अजून महिनाभर पालथी चालू ठेवा. मग आधी ताग, नंतर वाळा लावा. भाजीपाला नकोच: काळ्या ऑइलमधलं शिसं, जस्त जिवाणू खात नाहीत. जूनपर्यंत काम उरकलं नाही तर ढिगावर ताडपत्री घट्ट बांधा.

खारफुटीच्या चिखलात यातलं काहीही करू नका. तिथे चालण्यानेच तेल मुळांपर्यंत दाबलं जातं. वनविभागाच्या कांदळवन कक्षाला कळवा.