संचालकाच्या नावावर शेअर असावेत का? असतील तर या चुका टाळा

रावेर-यावल पट्ट्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीची वार्षिक सभा असो, नाहीतर जळगाव एमआयडीसीतल्या चटई कारखान्याची भावाभावांतली बैठक, कोणीतरी विचारतंच : "नाना, तुमना शेअर कितला शेतस?" प्रश्न रास्त आहे. लोकांच्या पैशावर निर्णय घेणाऱ्याचे स्वतःचेही चार पैसे त्यात अडकलेले असावेत, या मताचे आम्हीही आहोत. मात्र शेअर असले की माणूस आपोआप जागा राहतो, असं कोणी समजू नये. दाभोळमुळे महाराष्ट्राला ठाऊक झालेल्या एन्रॉनच्या संचालकांना मानधनाचा मोठा भाग शेअर आणि ऑप्शनच्या रूपात मिळत होता. डिसेंबर २००१ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेलीच.

तंटे होतात ते 'शेअर हवेत की नकोत' यावरून फार कमी. पैसा कोणाचा, नाव कोणाचं, प्रमाण किती आणि बाहेर पडताना भाव काय, हे कागदावर नसतं म्हणून होतात.

"कायद्याने घ्यावेच लागतात"

नाही. १९५६ च्या कंपनी कायद्यात पात्रता-शेअरची, म्हणजे संचालकाने किमान काही शेअर घेण्याची, तरतूद होती. नेमणुकीपासून दोन महिन्यांत ते घ्यायचे असत. २०१३ च्या कायद्यात अशी सक्ती नाही. पण कंपनीच्या स्वतःच्या आर्टिकल्समध्ये (अंतर्गत नियमावलीत) असू शकते, आणि घोळ तिथेच होतो. जुन्या कंपन्यांच्या आर्टिकल्समध्ये ते कलम तसंच पडून असतं, कोणी वाचत नाही, आणि भावकीत वाजलं की वकील नेमकं तेच बाहेर काढतो. नवा संचालक घेण्याआधी आर्टिकल्स एकदा वाचा. कलम नको असेल तर विशेष ठरावाने (तीन चतुर्थांश मतांनी) काढा आणि ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे एमजीटी-१४ हा फॉर्म भरा. ठेवायचं असेल तर किती शेअर आणि किती मुदतीत, हे स्पष्ट लिहा.

शेतकरी कंपनीत नुसता शेअर मोजणं

खानदेशात सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

अमळनेरच्या विप्रोने आपल्याकडच्या लोकांच्या मनात शेअरचं एक चित्र पक्कं करून ठेवलं आहे. १९४५ मध्ये वनस्पती तुपाची कंपनी निघाली, गावातल्या लोकांनी शेअर घेतले, ज्यांनी ते जपून ठेवले त्यांच्या पुढच्या पिढ्या कोट्यधीश झाल्या. त्यामुळे उत्पादक कंपनीचा हजार रुपयांचा शेअर घेतानाही मनात तेच असतं. पण या शेअरचं तसं होणार नाही, कारण कायदाच तसा आहे. हा शेअर संचालक मंडळाची पूर्वपरवानगी घेऊन फक्त सक्रिय सभासदालाच, म्हणजे कंपनीशी ठरलेला व्यवहार करणाऱ्यालाच, देता येतो आणि तोही दर्शनी किमतीला. दहाचा शेअर विकताना दहालाच जातो. वैयक्तिक शेतकरी सभासदांच्या कंपनीत मतही माणशी एकच, मग शेअर १० असोत की १,०००.

मग अशा कंपनीत संचालकाचं हित अडकतं कुठे? त्याच्या मालात. नफ्यातला पेट्रोनेज बोनस सभासदाने कंपनीशी किती व्यवहार केला यावर मिळतो, आणि शेअरही शक्यतो त्याच व्यवहाराच्या प्रमाणात असावेत असं कायदा सांगतो. म्हणून संचालकाला शेअर सर्टिफिकेटआधी काटापावत्या मागा. अध्यक्षाच्या नावावर सगळ्यात जास्त शेअर, आणि त्याचीच केळी बऱ्हाणपूरचा भाव बघून थेट व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये, असं असेल तर ते शेअर भिंतीवर लावायच्या फोटोपुरतेच. वार्षिक सभेत प्रत्येक संचालकासमोर तीन आकडे छापा : शेअर किती, वर्षात कंपनीमार्फत माल किती क्विंटल, आणि कंपनीचं त्याच्याकडून येणं किती. एका पानात मावतं आणि पुढच्या निवडणुकीला फार उपयोगी पडतं.

आता याच कंपन्यांमधल्या नेहमीच्या चुका.

*नावं लावणं.* सभासदसंख्या भरायची म्हणून एकच संचालक भाऊबंद आणि सालदार मिळून चाळीस जणांचे पैसे स्वतः भरतो. कागदावर चाळीस सभासद, खरा मालक एक. नाव एकाचं आणि लाभ दुसऱ्याचा असेल, तर नाव असलेल्याने एमजीटी-४ आणि लाभ घेणाऱ्याने एमजीटी-५ हे घोषणापत्र ३० दिवसांत कंपनीला द्यायचं असतं, आणि ते मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीने एमजीटी-६ भरायचा असतो. पुढे त्या चाळिसांपैकी कोणी 'शेअर माझेच' म्हणून उभा राहिला तर पैसे भरणाऱ्याच्या हातात काही नसतं. दुरुस्तीचा मार्ग एकच : ज्याचं नाव त्याच्या खात्यातून पैसे, त्याची पावती, त्याचा अर्ज. जे खरे सभासद नाहीत त्यांचे शेअर ठराव करून दर्शनी किमतीला खऱ्या उत्पादकांकडे वळवा.

*उत्साहात जास्त भरणं.* केंद्राच्या १० हजार एफपीओ (शेतकरी उत्पादक संघटना) योजनेत सभासदांनी भरलेल्या भांडवलाइतकं अनुदान मिळतं. माणशी कमाल २,००० रुपये आणि कंपनीला कमाल १५ लाख. त्यात एक अट अशी की एका सभासदाकडे एकूण भांडवलाच्या १० टक्क्यांहून जास्त हिस्सा नको. समजा ३०० जणांनी हजार-हजार भरले, भांडवल ३ लाख झालं. अध्यक्षांनी आणखी ५० हजार टाकले. आता त्यांचे ५१ हजार, एकूण साडेतीन लाख, म्हणजे साडेचौदा टक्के. हेतू चांगला, पण अर्ज अडकला. अर्जाआधी जास्तीचे शेअर सक्रिय सभासदांना द्या, किंवा बाकीच्यांचा हिस्सा वाढवा.

*सीईओला शेअर देणं.* उत्पादक कंपनीचा पूर्णवेळ मुख्य कार्यकारी सभासदांबाहेरचाच असावा लागतो. तो पदसिद्ध संचालक म्हणून मंडळावर बसतो, पण सभासद होऊ शकत नाही. "आपलाच पोरगा आहे, दहा शेअर देऊन टाका" हे इथे चालत नाही. चांगलं काम करून घ्यायचं असेल तर पगारात उलाढालीशी किंवा वसुलीशी जोडलेला हिस्सा ठेवा.

*हितसंबंध लपवणं.* ज्याचा धंदा कंपनीच्या धंद्याला आडवा जातो तो सभासद होऊ शकत नाही, आणि नंतर असा धंदा सुरू केला तर सभासदत्व जातं. कंपनी कापूस खरेदी करते आणि संचालकाची स्वतःची जिनिंग आहे, किंवा कंपनी खत-बियाणं विकते आणि संचालकाच्या मुलाचं त्याच बाजारपेठेत कृषी केंद्र आहे, अशा वेळी शेअर किती यापेक्षा हा प्रश्न मोठा. तो वार्षिक सभेत कोणी ओरडण्याआधी मंडळाच्या बैठकीत आणि इतिवृत्तात यायला हवा. संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कंपनीकडून कर्ज द्यायचं असेल तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. मंडळाचा ठराव पुरत नाही.

वारस नेमणं राहून जातं, तेही लक्षात ठेवा. सभासद झाल्यापासून तीन महिन्यांत नाव द्यायचं असतं. वारस उत्पादक नसेल तर मंडळ त्याला शेअर परत करायला सांगतं.

पैसा खात्यात, शेअर अधांतरी

दालमिल, पीव्हीसी पाइप, चटई अशा प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांत संचालक अडचणीच्या वेळी कंपनीच्या खात्यात ५ लाख टाकतो. ते कर्ज की भांडवल, कोणी लिहीत नाही. वर्षअखेरीला सीए विचारतो, उत्तर येतं, "शेअरमध्ये दाखवून टाका." हे असं मागून दाखवता येत नाही.

नवे शेअर निवडक माणसाला द्यायचे तर क्रम असा : मंडळाचा ठराव, नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा अहवाल, सर्वसाधारण सभेत विशेष ठराव आणि एमजीटी-१४, मग पीएएस-४ मधलं प्रस्तावपत्र. पैसे रोख घ्यायचे नाहीत. घेणाऱ्याच्या स्वतःच्या बँक खात्यातून कंपनीच्या स्वतंत्र खात्यात यायला हवेत. पैसे आल्यापासून ६० दिवसांत वाटप करायचं, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत रक्कम परत. तेही चुकलं तर ६० व्या दिवसापासून १२ टक्के व्याज. वाटपानंतर १५ दिवसांत पीएएस-३ हे वाटपाचं विवरण, आणि दोन महिन्यांत सर्टिफिकेट. मुद्रांक शुल्क ०.००५ टक्के, म्हणजे लाखाला ५ रुपये. एवढ्याशा रकमेसाठी सर्टिफिकेट बिनमुद्रांकाचं ठेवू नये. असलेल्या भागधारकांनाच त्यांच्या प्रमाणात द्यायचे असतील तर राइट्सची (हक्कभागांची) वाट घ्या, ती सोपी पडते.

जिथे डिमॅटचा नियम लागू आहे तिथे नवे शेअर काढण्याआधी प्रवर्तक आणि संचालकांचे सगळे जुने शेअर डिमॅट झालेले लागतात. एका काकांचं सर्टिफिकेट सापडत नाही म्हणून बँकेने सांगितलेली भांडवलवाढ अडकते ती इथे. डुप्लिकेट सर्टिफिकेटचं काम आधीच सुरू करा.

ते ५ लाख कर्जच असेल तर संचालकाकडून लेखी घ्या की रक्कम स्वतःची आहे, उसनी आणलेली नाही. हा एक कागद नसला की ती रक्कम ठेव ठरते आणि मग वेगळेच नियम गळ्यात पडतात.

स्वतंत्र संचालकाला खूश करायला शेअर

स्वतंत्र संचालकाने (कंपनीशी आर्थिक हितसंबंध नसलेल्या बाहेरच्या संचालकाने) एकही शेअर घेऊ नये असं कायदा म्हणत नाही. त्याची आणि नातेवाइकांची मिळून मतदानशक्ती २ टक्क्यांच्या आत हवी. नातेवाईक मोजताना सून आणि जावई दोघेही धरतात, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात नसतं. ईसॉप, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क, मात्र त्याला देता येत नाही. बैठकभत्ता, खर्चाची भरपाई, नफ्याशी जोडलेलं कमिशन आणि नफा नसेल किंवा अपुरा असेल तर कायद्याच्या मर्यादेतलं मानधन, एवढंच. भत्त्याची कमाल मर्यादा दर बैठकीला १ लाख. आमच्या मते स्वतंत्र संचालकाने थोडे शेअर बाजारभावाने, स्वतःच्या पैशाने घ्यावेत आणि पद सुटेपर्यंत हलवू नयेत. फुकटचे शेअर मिळाले की प्रश्न विचारायची जीभ जड होते.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत घाई

इथे शेअर असण्यापेक्षा त्यांची हालचाल अंगाशी येते. नेमणूक झाल्यावर ७ दिवसांत आपल्याकडे किती शेअर आहेत ते कंपनीला कळवायचं. तिमाही संपली की ट्रेडिंग विंडो (शेअर घेण्या-विकण्याची मुभा) बंद, निकाल जाहीर होऊन ४८ तास झाले की उघडी. विंडो उघडी असली तरी कंपनीच्या आचारसंहितेतल्या मर्यादेवरच्या व्यवहाराला कम्प्लायन्स ऑफिसरची पूर्वपरवानगी लागते आणि ती ७ ट्रेडिंग दिवसांपुरतीच चालते. आज घेतलेले शेअर सहा महिन्यांच्या आत विकले तर नफा सेबीच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जमा करावा लागतो. तिमाहीत १० लाखांवर व्यवहार झाला की दोन ट्रेडिंग दिवसांत कळवायचं. "बायकोच्या डिमॅटमधून केलं" ही पळवाट नव्हे, नियम तिच्याही व्यवहारांना लागू आहेत.

गहाणाचं तर विचारूच नका. शेअर तारण ठेवून कर्ज काढलं की भाव पडताच सावकार ते विकतो, विक्रीने भाव आणखी पडतो. सत्यम या आयटी कंपनीच्या घोटाळ्यात प्रवर्तकांचे गहाण शेअर असेच विकले गेले, आणि त्यानंतर जानेवारी २००९ मध्ये सेबीने प्रवर्तकांच्या गहाणाची माहिती जाहीर करणं सक्तीचं केलं. संचालकाच्या शेअरवर बोजा असेल तर ते त्याचं कंपनीतलं हित समजू नका, ते त्याचं कर्ज आहे.

बाहेर पडायचा भाव आधी न ठरवणं

प्रायव्हेट कंपनीत संचालकपद सोडलं म्हणून शेअर सुटत नाहीत. धुळ्यातला भाऊ पुण्याला गेला, राजीनामा दिला, पण ३० टक्के त्याच्याकडेच. आता कोणत्याही विशेष ठरावाला त्याची मनधरणी. 'पद सोडलं तर शेअर आधी कोणाला द्यायचे, भाव कोण काढणार, पैसे किती हप्त्यांत', हे आर्टिकल्समध्येच लिहा. नुसत्या आपसातल्या करारनाम्यावर विसंबू नका : आर्टिकल्समध्ये नसलेलं हस्तांतरणाचं बंधन कंपनीवर लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रंगराज प्रकरणात सांगितलं आहे.

कागदी हस्तांतरण एसएच-४ या फॉर्मवर होतं. सही केल्यापासून ६० दिवसांत तो कंपनीकडे पोचला पाहिजे, मुद्रांक ०.०१५ टक्के. भाव 'नात्यातला' म्हणून फार खाली लावला तर योग्य मूल्याशी असलेला फरक ५० हजारांवर जाताच घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जाऊ शकतो. काही जवळच्या नात्यांना सूट आहे, पण त्या यादीत आपलं नातं बसतं का, हे आधी सीएकडून बघून घ्या.

आयकराचा चुकीचा फॉर्म

संचालकाला आयटीआर-१ किंवा आयटीआर-४ चालत नाही. बाजारात न नोंदलेल्या कंपनीचे शेअर वर्षभरात कधीही हातात होते, तरी चालत नाही. उत्पादक कंपनीचा शंभर रुपयांचा शेअरही यात आला. आयटीआर-२ भरा, धंद्याचं उत्पन्न असेल तर ३. त्यात कंपनीचं नाव, पॅन, संचालकाचा डीआयएन (ओळख क्रमांक) आणि वर्षाच्या सुरुवातीचे व शेवटचे शेअर लिहायचे असतात. आधीच चुकीचा फॉर्म गेला असेल आणि मुदत शिल्लक असेल, तर सुधारित विवरण भरा. सदोष विवरणाची नोटीस आली असेल तर तिला वेळेत उत्तर द्या, नाहीतर विवरण भरलंच नाही असं धरतात.