नाणी लिलावगृहाकडे सोपवण्याआधी या चुका टाळा

वारशाने आलेला किंवा वर्षानुवर्षे जमवलेला नाणेसंग्रह विकायचा ठरला की अनेकांना आधी लिलावगृहच आठवते, कारण कानावर बातम्या येतात त्या विक्रमी किमतींच्याच. अमेरिकेचे १९३३ सालचे २० डॉलरचे सोन्याचे नाणे २०२१ मध्ये सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला विकले गेले हे खरे. पण त्या नाण्याच्या उरलेल्या नगांपैकी खासगी मालकीस कायद्याने मान्यता असलेला तो एकमेव नग होता. अशा अपवादावरून आपल्या संग्रहाचा अंदाज बांधू नये. लिलावात किंमत चढते ती एकाच नाण्यासाठी निदान दोन जाणकार हटून बसले तर. ज्याचे मोल जवळजवळ सगळे त्यातल्या सोन्या-चांदीचेच आहे, किंवा जे बाजारात केव्हाही मिळते, अशा नाण्यासाठी ही चुरस होत नाही. ते व्यापाऱ्याला थेट विकलेले बरे.

सर्वांत महाग पडते ती हिशेबातली चूक. विक्रेत्याकडून कमिशन अगदी कमी घेतले जाते, एवढे ऐकून माणूस खूश होतो आणि खरेदीदाराकडून बोलीच्या रकमेवर जादा वसूल होणाऱ्या ‘बायर्स प्रीमियम’कडे त्याचे लक्षच जात नाही. समजा, हा प्रीमियम २० टक्के आहे आणि एखादा संग्राहक नाण्यासाठी एकूण १२० रुपये मोजायला तयार आहे. तो प्रीमियम धरूनच बोली लावणार, म्हणजे १०० वर थांबणार. त्यातून विक्रेत्याचे १० टक्के कमिशन गेले की हातात ९० उरतात. छायाचित्रण, विमा आणि वाहतुकीचा खर्च वेगळा असेल तर तोही यातूनच जाईल. व्यापारी आज रोख ९२ देत असेल, तर लिलावाचा मोह कशासाठी? पैसेही लिलावानंतर काही आठवड्यांनी मिळतात, हे हिशेबात धरावे.

विकण्यापूर्वी नाणी घासून चकचकीत करणे ही तर भरून न येणारी हानी आहे. काळाने चढलेला थर आणि टांकसाळीतून आलेली मूळ झळाळी हीच संग्राहकाला हवी असते. एकदा घासलेल्या नाण्यावर ती परत आणता येत नाही, आणि जाणकाराच्या नजरेतून बारीक ओरखडे सुटत नाहीत. मला या चुकीचे सर्वाधिक वाईट वाटते, कारण ती बहुधा चांगल्या हेतूनेच होते. तसेच, शुल्क घेऊन नाण्याची अवस्था १ ते ७० गुणांच्या मोजपट्टीवर ठरवणारी प्रतवारी सरसकट सगळ्या नाण्यांची करून घेऊ नये. शुल्कापेक्षा किंमत निश्चित वाढेल अशीच नाणी त्यासाठी पाठवावीत.

राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली नाणे विकायचे नाही ती रक्कम, अवाच्या सवा ठेवली तर नाणे विकले जात नाही, आणि न विकलेल्या नाण्याकडे पुढच्या वेळी खरेदीदार संशयाने पाहतात. उलट, राखीव किंमतच न ठेवता दुर्मीळ नाणे सोडून देणेही धोक्याचे आहे.

लिलावगृह निवडताना केवळ त्याच्या नावावर जाऊ नये. आपल्याकडे आहेत त्याच प्रकारच्या नाण्यांना तिथे पूर्वी काय भाव मिळाला, हे जुन्या निकालांत पाहावे. कोणती नाणी स्वतंत्र लॉटमध्ये (एकत्र बोली लागणाऱ्या गटात न घालता, एकेकटी) जाणार हेही आधी विचारावे, कारण वीस सामान्य नाण्यांच्या गठ्ठ्यात एखादे उत्तम नाणे मातीमोल होते. राखीव किंमत, ताब्यात असतानाचा विमा, पैसे देण्याची तारीख आणि न विकलेले नाणे परत घेण्याचा खर्च हे सारे करारात लेखी असावे. नाणी लिलावगृहाकडे सोपवण्याआधी प्रत्येकाचे वजन नोंदवावे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत आणि त्या यादीवर पोच घ्यावी.