जुन्या व्हॅनचा एसी: गॅस भरण्याआधी पंखा बघा

चोर्ला घाटात किंवा तवंदीच्या चढाला एसी गरम वारा सोडतो, तापमानाचा काटा वर सरकतो आणि सपाटीला लागलं की पुन्हा सगळं गार. असं होत असेल तर गॅस बहुधा ठीक असतो, रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा फिरत नसतो. वेगात वारा आपोआप लागतो, चढाला तो पंख्यानेच ओढावा लागतो.

इंजिन चालू करून ब्लोअर (केबिनमध्ये वारा सोडणारा पंखा) 1 वर ठेवा, मग एसीचं बटण दाबा. ब्लोअर बंद असला तर बहुतेक गाड्यांत एसी लागतच नाही. कंप्रेसरचा 'टक्' आवाज येऊन रेडिएटरचा पंखा हलला नाही, तर दोष पंख्याच्या मोटरमध्ये किंवा तिच्या वायरिंगमध्ये.

आधी फ्यूज बघा. मग पंख्याचा रिले (करंट चालू-बंद करणारी छोटी डबी) काढून तिथे तशाच क्रमांकाचा हॉर्नचा रिले लावा. तरीही नाही? चावी काढा, मोटरचा प्लग सोडवा आणि मोटरला 20 अँपिअरच्या फ्यूजमधून थेट बॅटरीचा करंट द्या. बोटं, ओढणी पात्यापासून लांब. फिरला नाही तर मोटर गेली.

मोटर चांगली निघाली तर रेडिएटरवरचा दोन वायरींचा थर्मोस्विच (पाणी तापलं की पंखा लावणारा स्विच) बघा. प्लग काढून चावी ऑन करा, दोन्ही वायरी तुकड्याने जोडा. पंखा फिरला तर स्विच बदला, तोही इंजिन थंड झाल्यावरच. पंखा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) चालवतो अशा गाडीत हा उपाय करू नका, तिथे सेन्सर असतो.

खानापूर-कणकुंबीकडच्या पावसात खरा गुन्हेगार अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला बोल्टने जोडलेली निगेटिव्ह वायर, असतो. पंखा चालू असताना मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी मोटरच्या अर्थच्या वायरीला लावा. 0.5 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर त्या वायरीचा बोल्ट सोडून गंज पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन लावा. पाच मिनिटांचं काम, पण गॅरेजात सहसा कुणी करत नाही.

'टक्'च आला नाही तर एसीच्या पाइपवरचा प्रेशर स्विच बघा. गॅस फार कमी झाला की तो कंप्रेसर बंद ठेवतो. तो वायरीने जोडून गाडी पळवू नका: तेल गॅसबरोबरच फिरतं, गॅस नसला तर कंप्रेसर कोरडा घासून जाम होतो. आधी गळती शोधा.

ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरावर चालत असेल तर रेझिस्टर (ब्लोअरचा वेग कमी करणारा भाग) जळालेला, स्विच नव्हे. स्विचमागचा प्लग तपकिरी पडून वितळला असेल तर नुसता स्विच बदलून भागणार नाही. प्लगही बदला, ब्लोअर उघडून अडकलेली पानं काढा. जाम झालेली मोटर जास्त करंट ओढते आणि नवा स्विचही तसाच जळतो.